एकशे एकेचाळिसावं पान

१

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

सावद्यातल्या आमदार कार्यालयात भूषणने लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं, पांढऱ्या कापडाचं बासन टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. त्याने पहिलं पान उलटलं, मग दहावं, मग शेवटचं. दोनशेच्या दोनशे पानं कोरी होती.

भूषण सहा वर्षं आमदार हेमराज भारंबे यांचा स्वीय सहायक आहे. तो ओरडला नाही. त्याने वही मिटली, पुन्हा उघडली, आणि मग नानांना हाक मारली.

आमदारांना मतदारसंघात सगळे नाना म्हणतात. वय एकोणसत्तर, पूर्वी फैजपूरला गणिताचे शिक्षक. गेली दहा वर्षं ते एक वही ठेवतात. अधिवेशनाआधी गावोगाव फिरून, येणाऱ्या विधेयकावर लोकांचं जे म्हणणं असेल ते डाव्या पानावर लिहून घ्यायचं, खाली सह्या किंवा अंगठे. अधिवेशनानंतर उजव्या पानावर स्वतःचं मत लिहायचं: होय की नाही, आणि का. मग एका रविवारी कार्यालयाच्या अंगणात ही पानं सगळ्यांसमोर वाचायची. नवी उजवी पानं वाचनापर्यंत टाचणी लावून मिटलेली असतात. जुनी कुणीही पाहू शकतं.

यंदाचं वाचन लांबलं होतं. पावसाळी अधिवेशनानंतर नाना हृदयाच्या दुखण्याने सहा आठवडे जळगावच्या दवाखान्यात होते. वाचन आज अकराला होतं.

नानांनी कोरी वही हातात घेऊन पाहिली. खुर्चीत बसले.

"पोलिसांना फोन लावू?" भूषणने विचारलं.

"नको. लताबाईंना बोलाव."

"नाना, अकरापर्यंत नाही मिळाली तर?"

"तर काय ते तुला माहीत आहे."

भूषणला माहीत होतं. दहा वर्षांपूर्वी याच अंगणात, पहिल्या विजयानंतर, नानांनी शब्द दिला होता: ज्या दिवशी वही तुमच्यासमोर उघडता येणार नाही, त्या दिवसापासून मी मत मागायला येणार नाही. पक्षाच्या उमेदवारांची यादी मंगळवारी दुपारी चारला लागणार होती. पक्षाचे निरीक्षक आज वाचनाला स्वतः येऊन बसणार होते.

हातात दोन तास पन्नास मिनिटं होती.

२

लताबाई वाघुळदे दोन गल्ल्या पलीकडे राहतात. बत्तीस वर्षं त्या विधानभवनात प्रतिवेदक होत्या. सभागृहात जे बोललं जाई ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्या माहेरच्या गावी परतल्या. समोरचा बोलू लागला की अजूनही त्यांचा हात पेन्सिलीकडे जातो.

त्यांनी कोरी वही नुसती पाहिली आणि बाजूला ठेवली. बासन मात्र खिडकीपाशी नेलं. गाठीच्या टोकाला बोटाएवढा तपकिरी, जवळजवळ काळा डाग होता.

"हा कधीचा?"

"कोणता?" भूषण जवळ आला. "हा? काल नव्हता, अक्का. काल संध्याकाळी पाचला मीच हे कपाटात ठेवून कुलूप लावलं. पांढरंशुभ्र होतं. शुक्रवारीच धुऊन आणलंय."

"नीट पाहिलं होतंस?"

"दोन्ही हातांनी उचलून ठेवलं. नाना डागाला फार बोलतात, त्यामुळे सवयीने पाहतोच."

"किल्ली?"

"एकच. माझ्याकडे." त्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "म्हणजे संशयितांच्या यादीत मीच आलो ना पहिला?"

"यादीत आलास. पहिला की शेवटचा ते बघू. पाचच्या आधी वही कुठे होती?"

वाचनाच्या आदल्या दिवशी वही दहापासून बाहेरच्या खोलीत टेबलावर असते, बासनात बांधलेली. कुणाला जुनं पान पाहायचं असेल तर भूषण उघडून दाखवतो. काल फक्त अभिमन पाटलांनी मागितली होती, दुपारी बाराला. गेल्या वर्षीचं एक पान पाहून ते गेले.

"म्हणजे बाराला वही खरी होती," लताबाई म्हणाल्या. "आणि पाचला तू बासन उघडून पाहिलंस का?"

"नाही. आत वही लागली हाताला. तेवढीच जाड, तेवढीच जड."

"या वह्या येतात कुठून?"

"फैजपूरच्या दुकानातून, डझनाने. नाना एक स्वतःला ठेवतात, बाकीच्या गावागावांतल्या गटांना देतात. तक्रारी, मागण्या लिहायला. अकरा गट आहेत."

लताबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. त्याचा वहीशी काही संबंध दिसत नव्हता.

"कोरी वही पाहिल्यावर तुला वाईट वाटलं की बरं वाटलं?"

भूषणने नानांच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं.

"खरं सांगू अक्का? दोन्ही."

३

बरं वाटण्याचं कारण एकशे एकेचाळिसाव्या पानावर होतं.

जुलैमध्ये शेतमजूर नोंदणीचं एक सुधारणा विधेयक आलं होतं. अपघाताची मदत हवी असेल तर मजुराने दरवर्षी एका मालकाची सही आणून नोंदणी करावी, असं त्यात होतं. केळीच्या बागांत पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे जादा कोंब, कापणाऱ्या बायांनी त्यावर आपलं म्हणणं दिलं. ते डाव्या, एकशे चाळिसाव्या पानावर होतं. खाली सदतीस अंगठे. ते पान भूषणला पाठ होतं.

"'आम्हांला एक मालक नाही. सोमवारी एकाची बाग, मंगळवारी दुसऱ्याची. सही कुणाची आणायची?'"

"आणि उजव्या पानावर?"

"शुक्रवारी नानांनी लिहून दिलं आणि टाचण्या लावायला सांगितलं. लावता लावता वाचलं गेलं." भूषणने आवाज उतरवला. "'आवाजी मतदान. पक्षादेश: होय. माझं मत: नाही. कारण डाव्या पानावर आहे.' एवढंच."

विधेयक मंजूर झालं होतं. नानांच्या एका 'नाही'ने काही अडलं नव्हतं.

"अक्का, हे विधानभवनात कुठे छापलेलं असेल का हो?"

"नाही. आवाजी मतदानात नावं लिहीत नाहीत. मतविभागणी मागितली तर नावं येतात. एरवी दोन्ही बाजू ओरडतात, अध्यक्ष निकाल देतात, आणि आम्ही लिहायचो, आवाजी मतदानाने मंजूर. कोण काय म्हणालं ते म्हणणाऱ्याला माहीत."

"मग हे पान सोडून दुसरा पुरावाच नाही. नाना गप्प बसले असते तर पक्षाला कधी कळलंच नसतं. आणि ते निरीक्षकासमोर वाचायला निघालेत."

"तू हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही." मग मान खाजवत, "शुक्रवारी संध्याकाळी मेहुण्याला फोनवर बोललो. नानांनी आदेश मोडून 'नाही' म्हटलंय, निरीक्षकाने वहीत पाहिलं तर तिकीट गेलं समज. मन मोकळं केलं, बस."

"कुठे उभं राहून?"

"ओट्यावर. आत रेंज येत नाही."

लताबाईंनी ते लिहून घेतलं. मग कालची भेटीची वही मागितली. सतरा नावं होती. बाराला अभिमन पाटील. अडीचला बेबाबाई आणि सहा बाया, काम: शिधापत्रिका. बाकीचे सगळे सकाळी, अकराच्या आत येऊन गेले होते.

"अडीचला तू टेबलावरून उठला होतास?"

"अर्जांच्या झेरॉक्स काढायला आत गेलो होतो. दहा मिनिटं." त्याने मान हलवली. "पण त्या बाया कशाला नेतील, अक्का? त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नाही. अभिमनभाऊंना विचारा. सकाळपासून गावभर त्यांचीच पत्रकं फिरताहेत."

पत्रक टेबलावरच पडलं होतं. मोठ्या अक्षरांत छापलं होतं: आमदारांनी मजूर बायांच्या विरोधात मत दिलं. वहीत काय लपलंय?

४

अभिमन पाटील केळीचे व्यापारी. दुसऱ्या पक्षाकडून इच्छुक. नऊ वाजता ते आपल्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी पँट.

"या अक्का. चौकशी आयोग का?"

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"भूषणचा चेहरा पाहिला की गावाला कळतं. वही गेली ना?"

"काल बाराला तुम्ही हातात घेतली होती."

"घेतली, पाहिली, ठेवली. जळगावहून लग्नातनं परस्पर आलो होतो, हे असेच कपडे अंगावर. वही सदऱ्यात लपवली असती तर पोट सुटल्यासारखं दिसलं असतं." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "मी कशाला नेऊ, अक्का? मला ती उघडायला हवी आहे. अकराला, सगळ्यांदेखत. एवढी पत्रकं छापली ती काय वही हरवावी म्हणून?"

"नानांनी 'होय' म्हटलं हे तुम्हांला कसं माहीत?"

"आदेश निघाला होता. पक्षाचा माणूस पक्षाबरोबर जातो. मीही गेलो असतो."

"म्हणजे माहीत नाही. अंदाज आहे."

अभिमन हसले. "तुम्ही सभागृहात होतात, मी बाजारात. बाजारात अंदाजावरच चालतं."

लताबाई निघाल्या तेव्हा त्यांच्या टिपणवहीत अभिमनच्या नावापुढे एकच वाक्य होतं: याला वही उघडायला हवी आहे.

५

कार्यालयाच्या अंगणात सतरंज्या अंथरणं चाललं होतं. ते काम दरवेळी बेबाबाई करते. कुणी सांगितलेलं नाही. सात वर्षांपूर्वी ती साक्रीकडून, धुळे जिल्ह्यातून, कामासाठी इकडे आली आणि मजुरांच्या वस्तीत राहिली. बोली अजून तिकडचीच. वय पंचेचाळीसच्या आसपास, हाताच्या बोटांना केळीच्या चिकाचे न जाणारे काळे डाग.

"बेबाबाई, काल आली होतीस ना?"

"उन्थू ना, अक्का. कार्डनं काम व्हतं."

"घरून की बागेतून?"

"बागमाईनच. पिलं कापी, आनि तशीच उनू."

"वही गेली, कळलं?"

"कळनं." तिने सतरंजीची सुरकुती हाताने काढली. "मी काय करू त्या वहीनं? माले वाचता येत नही, लिव्हता येत नही."

"लोक म्हणतात नानांनी तुमच्या विरोधात मत दिलं."

बेबाबाईचा हात थांबला. पहिल्यांदाच तिने वर पाहिलं.

"लोकेस्ना काय शे? कायदा पास व्हयना ते व्हवू द्या. नानानी आमनाकरता 'नही' सांगं, हाई काय थोडं शे? आमनाकरता कोन कधी 'नही' सांगस?"

लताबाईंची पेन्सिल चालू होती. वाक्य पुरं झाल्यावर त्यांनी ते एकदा मनात वाचलं, वही मिटली आणि सतरंजीवर तिच्याशेजारी बसल्या.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

६

"बेबाबाई, मी सांगते ते ऐक. चुकलं तर थांबव."

बेबाबाईने सतरंजीचं टोक सरळ केलं.

"त्या बासनाला डाग आहे. केळीच्या चिकाचा. या गावात प्रत्येक कापडावर असा डाग असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. पण ताजा चीक पाण्यासारखा असतो. लागला तरी कळत नाही. काळा पडायला वेळ जातो. पाचला भूषणला बासन पांढरं दिसलं आणि सकाळी डाग दिसला. म्हणजे रात्री कपाट फोडायला कुणी आलंच नाही. पाचच्या आधीच, दिवसाउजेडी, ओल्या चिकाच्या हाताने कुणीतरी ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. बाराला आलेले अभिमनभाऊ लग्नातून आले होते. भूषण बागेत जात नाही. बागेतून थेट आलेल्या तुम्ही साती जणी."

अंगणाच्या टोकाला दोन म्हातारे येऊन बसले. लताबाईंनी आवाज आणखी खाली आणला.

"आता कोरी वही. नानांनी अकरा गटांना तशाच वह्या दिल्या. तक्रारी कुणाच्या संपतात? दहा गटांच्या वह्या भरत आल्या असतील. कोरी राहील ती फक्त एका गटाची, ज्यातल्या कुणालाच लिहिता येत नाही. तुमचं म्हणणं नानांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या वहीत लिहून घेतलं, कारण तुम्ही ते तोंडी सांगितलंत."

"आनि आखो?" बेबाबाईने विचारलं. आणखी?

"आणखी तुझंच बोलणं. नानांनी 'नाही' म्हटलं, असं तू आत्ता म्हणालीस. ते पान अजून वाचलेलं नाही. टाचणीने मिटलेलं आहे. सभागृहाच्या कागदात ते नाही. अभिमनभाऊ तर उलटंच समजून बसलेत. ते फक्त नानांना माहीत होतं आणि भूषणला. भूषण शुक्रवारी ओट्यावर उभा राहून फोनवर बोलला. शुक्रवारी ओट्यावर कोण होतं?"

"आम्हीच व्हतूत," बेबाबाई म्हणाली. "कार्डकरता. सनवारले या, सांगं त्यानी."

तिने बोटांवरचे डाग अंगठ्याने घासले. मग म्हणाली, "वही दिसनी ते नानानं तिकीट जाई. भूषणच बोलना. आमना पायी काब्र जावो, कसाले? त्यासनी आमनाकरता सांगं, मी त्यासनाकरता लई गऊ. वाचन व्हयनं नही ते व्हयनं नही. एक सावा."

"एका वेळेपुरतं नाही हे, बेबाबाई. वही उघडता आली नाही तर पुन्हा मत मागणार नाही, असा नानांनी दहा वर्षांपूर्वी इथेच शब्द दिलाय. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

बेबाबाईचा चेहरा उतरला. दहा वर्षांपूर्वी ती साक्रीकडे होती.

"माले हाई कोनी सांगंच नही."

"कुणी सांगणार? सगळ्यांना वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

"म्हंजे दिधी ते पक्ष काढी, नही दिधी ते नाना सोताच घर बसतीन."

"हो."

"मंग काय करू, अक्का?"

बत्तीस वर्षं लताबाईंनी दुसऱ्यांची उत्तरं लिहून घेतली होती.

"वही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"नानानी."

"मग त्यांनाच ठरवू दे. कुठे आहे ती?"

"घरमा. देवजवळ ठेयेल शे." ती उठली. दोन पावलं जाऊन वळली. "मी टाचणी काढी नही, अक्का."

७

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी वही नानांच्या टेबलावर आली, एका धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. एकशे एकेचाळिसाव्या पानाच्या चारी टाचण्या होत्या तशा होत्या.

खोलीत नाना, लताबाई, भूषण आणि दाराशी उभी बेबाबाई. लताबाईंनी जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं. भूषणने मान खाली घातली.

"नाना, चूक माझी. फोनवर बोलायला नको होतं."

"नको होतं," नाना म्हणाले.

मग त्यांनी बेबाबाईला समोरची खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"बेबाबाई, त्या दिवशी सभागृहात फार गोंगाट होता. मी 'नाही' म्हटलं ते शेजारच्या बाकावर बसलेल्यालाही ऐकू गेलं नाही. घरी येताना गाडीत वाटलं, कुणालाच ऐकू येत नसेल तर म्हणायचं कशाला? मग दुखणं आलं. दवाखान्यात तेच डोक्यात. शुक्रवारी पान लिहिलं तेही नेम म्हणून लिहिलं." त्यांनी वहीवर हात ठेवला. "तुला ऐकू आलं. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार तुमना शेतस," बेबाबाई म्हणाली. "तुम्ही आते वाचशात?"

"वाचणार."

"तिकीट गयं ते?"

"गेलं तर फैजपूरला शिकवणी घेईन. गणिताला अजून पोरं मिळतात."

भूषण हसला आणि लगेच डोळे पुसायला वळला.

अकरा वाजता अंगणात चारेकशे लोक होते. निरीक्षक पहिल्या रांगेत, मांडीवर टिपणवही. दुसऱ्या रांगेत अभिमन पाटील, हातात पत्रकांचा गठ्ठा. नानांनी सुरुवातीलाच सांगितलं की वही काल दुपारपासून कार्यालयात नव्हती, आता आहे, आणि भूषणचं ओट्यावरून केलेलं फोनवरचं बोलणं कानावर पडून ज्या माणसाने ती नेली त्याचा हेतू चांगला होता. नाव सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

त्यांनी एकशे चाळिसावं पान वाचलं. सदतीस अंगठ्यांची सदतीस नावं वाचली. मग टाचण्या काढून एकशे एकेचाळिसावं वाचलं. त्याला दहा सेकंदही लागले नाहीत.

टाळ्या झाल्या नाहीत. बायांच्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि तिने नानांना हात जोडले. मग दुसरी उठली. एकेक करत सगळी रांग उभी राहिली.

निरीक्षकांनी पानाचा फोटो मागितला. नानांनी वही त्यांच्याकडे वळवून धरली. चहा न घेता ते अकरा चाळीसला निघून गेले.

अभिमन पाटील शेवटी थांबले होते.

"नाना, मत मी तुम्हांला देणार नाही."

"देऊ नका."

"पण हे उरलेले वाटत नाही." त्यांनी गठ्ठा भूषणच्या टेबलावर टाकला. "मागची बाजू कोरी आहे. हिशोबाला वापर, नाहीतर पोरांना चित्रं काढायला दे. आणि फोन ओट्यावरून करत जाऊ नको रे बाबा."

८

सोमवारी बासन धुतलं. डाग गेला नाही. भूषण नवं आणतो म्हणाला. नानांनी नको सांगितलं.

कोरी वही बेबाबाईकडे परत गेली. लताबाई सोमवारपासून संध्याकाळी सहाला मजुरांच्या वस्तीत जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी नऊ बाया आल्या. वहीच्या पहिल्या पानावर आता नऊ नावं आहेत, वाकडी, ओळ सोडून खाली गेलेली. बेबाबाईचं नाव चौथं आहे. तिने ते तीनदा खोडून लिहिलं.

मंगळवारी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पक्षाची यादी लागली. कार्यालयाच्या ओट्यावर भूषण ती मोबाइलवर मोठ्याने वाचत होता. अंगणात बागेतून आलेल्या बाया उभ्या होत्या. शेजारच्या मतदारसंघांची नावं आली. या मतदारसंघापुढे नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: निर्णय राखून ठेवला.

बुधवारी सकाळी साडेनऊपर्यंत दुसरी यादी आलेली नव्हती. नाना मतदारसंघातल्या एका गावसभेसाठी निघाले होते. वही त्यांच्याबरोबर होती, त्याच बासनात. एकशे बेचाळिसावं पान लोकांचं आहे आणि ते अजून कोरं आहे.